डान्स स्टुडिओची जाहिरात करावी का? (घोडबंदर रोड, निम्म्या भरलेल्या बॅचेस)

पदन्यास_वाघबीळ

नमस्कार मंडळी. ठाण्यात वाघबीळ नाक्याजवळ आम्हा दोघा भागीदारांचा डान्स स्टुडिओ आहे. हॉल साधारण ५०० चौरस फूट, एका भिंतीला पूर्ण आरसा, खाली लाकडी फ्लोअरिंग. सहा बॅचेस आहेत: तीन सोम-बुध-शुक्र (बॉलिवूड, हिपहॉप) आणि तीन मंगळ-गुरु-शनि (कथक), संध्याकाळी ५ ते ८. वयोगट ४ ते ७, ८ ते १२ आणि १३ च्या पुढे. एका बॅचमध्ये १८ मुलं आरामात मावतात, सध्या सरासरी ९ आहेत. फी महिना १,८००. भाडं, दोन शिक्षकांचं मानधन, वीज, मेंटेनन्स धरून महिन्याचा खर्च ९०,०००. दर महिन्याला साधारण सहा मुलं सोडतात आणि साधारण तितकीच नवी येतात.

भागीदाराचं ठाम मत असं की शिकवणं चांगलं असेल तर मुलं आपोआप येतात, जाहिरातीवर घालायचे पैसे साउंड सिस्टिमवर घालावेत. हे कितपत खरं? जाहिरात करायचीच झाली तर महिन्याला किती खर्च योग्य, आणि आधी कुठे? इन्स्टाग्रामवर पोस्ट बूस्ट केली (पैसे भरून जास्त लोकांना दाखवली) की लाइक येतात, चौकशी येत नाही, असं का होतं? एप्रिलच्या आधी नीट ठरवायचं आहे.

हिशेब_मात्रेचा

ताई, तुमचेच आकडे घेऊ. ५४ मुलं गुणिले १,८०० म्हणजे ९७,२००. खर्च ९०,०००. दोघांत मिळून उरतात ७,२००. एसीचा कॉम्प्रेसर गेला की तेही संपले.

आता याच खोलीत ७२ मुलं धरा, म्हणजे प्रत्येक बॅचमध्ये १२. जमा १,२९,६००. खर्च जवळजवळ तोच, कारण बॅचमध्ये नऊ मुलं असोत की बारा, शिक्षक एकच, दिवे तितकेच, भाडं तितकंच. दहाव्या मुलापासून येणारी फी बहुतेक सगळी शिल्लक असते. त्यात रिकामी जागा साठवून ठेवता येत नाही. भाजीवाल्याचा माल निदान रात्री अर्ध्या भावात जातो, आज सहाच्या बॅचमधल्या नऊ रिकाम्या जागा मात्र आजच संपल्या.

'आपोआप येतात' हे अगदी खोटं नाही, पण त्यात गळती धरलेली नाही. ५४ पैकी महिन्याला सहा सोडतात म्हणजे मूल सरासरी नऊ महिने टिकतं, आणि आहे तिथे उभं राहायलाच वर्षाला ७२ नवे प्रवेश लागतात. गळतीची बरीच कारणं शिकवण्याशी संबंधित नसतातच. घोडबंदरच्या कॉम्प्लेक्समध्ये भाडेकरू खूप, करार ११ महिन्यांचे. करार संपला की घर बदलतं, कधी कासारवडवली, कधी थेट कल्याण. मूल नववीत गेलं की कोचिंग क्लास संध्याकाळ खातो. शाळेची वेळ बदलते. यातलं काहीही उत्तम ततकार (कथकचं पायांचं काम) शिकवून थांबत नाही.

तोंडी प्रसिद्धी चालते, पण ती ओळखीच्या वर्तुळातच फिरते. नौपाड्यात किंवा ब्राह्मण सोसायटीत दोन-दोन पिढ्या एकाच गल्लीत राहिल्या, तिथे 'अमक्या बाई चांगलं शिकवतात' हे न सांगता पोचतं. तुमच्याकडे २८ मजली टॉवरच्या 'ए' विंगमधली बातमी 'सी' विंगमध्ये जाईलच असं नाही. वहीत मुलांचे पत्ते बघा. बहुतेक तीन-चार कॉम्प्लेक्समध्येच सगळी मुलं निघतील. बाकीच्या दहा-बारा कॉम्प्लेक्सना तुम्ही आहात हेच माहीत नाही. जाहिरात त्यांच्यासाठी. आपलं कौतुक करायला ती नसते. 'सहा वर्षांच्या मुलीसाठी चालत जाता येईल असा कथक वर्ग कुठे आहे' असं शोधणाऱ्या आईला उत्तर मिळावं म्हणून असते.

किती खर्च करायचा? एक मूल सरासरी नऊ महिने, म्हणजे १६,२०० रुपये. एका प्रवेशामागे कमाल एका महिन्याची फी, १,८००, इतकी मर्यादा धरा. त्याच्या वर गेलात तर जाहिरातीत नाही तर ट्रायलमध्ये (नव्या मुलाच्या पहिल्या चाचणी तासात) काहीतरी मोडलंय. सध्याचे सहा येतातच, त्यावर आणखी तीन हवेत असं ठरवलं तर महिन्याला ५,४०० ही छताची मर्यादा. सुरुवात त्याच्या अर्ध्याने करा.

त्याआधी एक साधी वही घाला: तारीख, मुलाचं वय, कॉम्प्लेक्स, कुठून कळलं, ट्रायल कधी, आले का, प्रवेश घेतला का, नसेल तर काय कारण सांगितलं. हे लिहिलेलं नसेल तर कुठली जाहिरात चालली हे कुणीच सांगू शकत नाही. तीस चौकशा आणि तीनच ट्रायल असतील तर पैसे जाहिरातीवर वाढवू नका, फोन कोण उचलतं ते बघा. बारा ट्रायल आणि दोन प्रवेश असतील तर दोष वर्गात आहे.

ट्रायलचंही सांगतो, कारण तिथेच सगळ्यात जास्त वाया जातं. ट्रायल चालू बॅचमध्येच द्या, पण एका वेळी दोनपेक्षा जास्त नवी मुलं नकोत, नाहीतर जुन्यांचा तास बिघडतो. नव्या मुलाला शेवटच्या ओळीत उभं करू नका. तिथून शिक्षकाचे पाय दिसत नाहीत, आरशातही पुढच्यांची डोकीच दिसतात, आणि मूल वीस मिनिटांत बावरतं. दुसऱ्या ओळीत, मधोमध, जुन्या मुलाच्या शेजारी. शेवटची दहा मिनिटं पालकांना आत बसू द्या. नंतर 'छान करतो हं' यापेक्षा एक नेमकं वाक्य सांगा: आठ मात्रांची मोजणी धरते, डावं-उजवं पटकन कळतं, खांदे अजून कडक आहेत. पालकाला त्यातून कळतं की आपल्या मुलाकडे कुणीतरी बघितलं. त्याच संध्याकाळी फी आणि दिवस लिहून पाठवा, तिसऱ्या दिवशी एकदा विचारा, मग सोडून द्या.

एक पुढची गोष्ट आत्ताच बघून ठेवा. सगळ्या १०८ जागा भरल्या तर वर्षाची जमा २३ लाखांवर जाते. सेवांसाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा २० लाख आहे. कला-संस्कृतीच्या छंदवर्गाला असलेली सूट जुलै २०२२ पासून फक्त व्यक्तीने दिलेल्या शिकवणीला राहिली आहे, भागीदारी संस्थेला नाही. तेव्हा फी ठरवताना १८ टक्के कुणाच्या खिशातून जाणार हे सीएबरोबर बसून ठरवा.

नकाशा_आणि_पिन

वरच्या हिशेबाशी सहमत. 'आधी कुठे' याचं माझं उत्तर: गूगल मॅप्स. फुकट आहे, आणि तिथे येणारा माणूस आधीच शोधत असतो.

प्रोफाइलमध्ये मुख्य प्रकार 'डान्स स्कूल' ठेवा. नाव पाटीवर आहे तेच, अक्षरशः तेच. नावापुढे 'बेस्ट डान्स क्लासेस इन ठाणे वेस्ट' असं शेपूट लावलं की प्रोफाइल निलंबित होऊ शकतं, आणि ते परत मिळवण्यात ऐन प्रवेशाचे आठवडे जातात. पडताळणी आता बहुतेक वेळा व्हिडिओने होते: बाहेरचा रस्ता, पाटी, मग कुलूप उघडून आत, असं एका सलग चित्रीकरणात दाखवावं लागतं. गुमास्त्याचा (दुकान नोंदणीचा) कागद जवळ ठेवा.

पिनकडे जीव लावून बघा. मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये पिन मुख्य गेटवर पडते आणि स्टुडिओ मागच्या दुकानांच्या ओळीत असतो. पिन थेट तुमच्या जिन्यावर आणा. वर्णनात खूण लिहा, आणि ठाण्याकडून येणाऱ्याने वाघबीळ उड्डाणपुलावर चढायचं की खालून यायचं हेही लिहा. संध्याकाळी पावणेसहाला चुकून पुलावर चढलेली आई पुढून वळसा घालून येईपर्यंत ट्रायलची वीस मिनिटं गेलेली असतात, आणि मूल रडवेलं.

फोटोंमध्ये नाचणाऱ्या मुलांपेक्षा आधी जागा दाखवा: रिकामा हॉल, फ्लोअरिंग जवळून, बसायची जागा, स्वच्छतागृह, जिना, रात्री दिवे लागल्यावरची पाटी. चार वर्षांच्या मुलीला तासभर सोडणारा पालक हेच बघतो.

रिव्ह्यूसाठी सूट किंवा भेट देऊ नका, गूगलच्या नियमात ते बसत नाही. एकाच दिवशी सगळ्या पालकांना सांगून, स्टुडिओच्या वाय-फायवरून पंधरा रिव्ह्यू टाकायला लावणंही टाळा, असा गठ्ठा गाळला जाऊ शकतो. मुलाला एखादा तुकडा पहिल्यांदा न चुकता जमला त्या आठवड्यात त्या एका पालकाला लिंक पाठवा. महिन्याला तीन-चार पुरेत. उत्तर देताना मुलाचं नाव लिहू नका.

आता बूस्टचं. ते बटण दाबलं की साधारणपणे लाइक, प्रोफाइलला भेट असली कामं मिळतात, कारण यंत्रणा तुम्ही निवडलेलं उद्दिष्टच पुरवते. लाइक करणारी माणसं शोधायला सांगितलं, तिने ती शोधली. त्याऐवजी ॲड्स मॅनेजरमधून व्हॉट्सॲपवर संदेश येण्याची जाहिरात लावा. स्टुडिओच्या पिनभोवती २ ते ३ किलोमीटर, वय २८ ते ४५. तेरा ते सतरा वयाच्या मुलांना लक्ष्य करू नका, फी पालक भरतात. तरीही बाहेरचे लोक येतील, कारण मेटा (इन्स्टाग्रामची कंपनी) त्या भागात राहणाऱ्यांबरोबर नुकतेच तिथे असलेलेही धरते, आणि घोडबंदर रोड हा मीरा रोड-बोरिवलीकडे जाणाऱ्यांचा रोजचा रस्ता. उपाय सोपा: व्हिडिओच्या पहिल्याच चौकटीवर मोठ्या अक्षरात 'वाघबीळ • आनंदनगर • ब्रह्मांड' लिहा. ज्याचं काम नाही तो तिथेच पुढे सरकतो. बजेट मांडताना जाहिरातीवर १८ टक्के जीएसटी धरा, ३,००० ची जाहिरात ३,५४० ला पडते.

व्हिडिओ उभाच घ्या. पहिल्या दोन-तीन सेकंदांत लोगो नको, हालचाल हवी. गाण्याची मोठी अडचण आहे: इन्स्टाग्रामच्या बिझनेस अकाउंटला सिनेमाची गाणी बहुतेक मिळत नाहीत, आणि हक्क नसताना ते गाणं पैसे भरलेल्या जाहिरातीत वापरलं तर ती नाकारली जाऊ शकते किंवा आवाज बंद होतो. पण तुमच्याकडे याहून चांगलं आहे. शिक्षकाची 'पाच, सहा, सात, आठ' अशी हाक, बुटांचा आवाज, कथकची पढंत (तोंडाने म्हटलेले बोल) आणि घुंगरू. वीस सेकंद पायांवर कॅमेरा ठेवा: आधी चुकलेलं पाऊल, मग शिक्षकाने दुरुस्त केलेलं, मग मूल बरोबर करतंय. शिकवणं दिसतं, हक्कांचा प्रश्न उरत नाही.

पदन्यास_वाघबीळ

फार उपयोगी, दोघांचेही मनापासून आभार. दोन गोष्टी विचारते. चौकशी नेमकी ५ ते ८ मध्ये येते, तेव्हा वर्ग चालू असतो. आणि फी कळवली की समोरून पुढे काहीच येत नाही. दुसरं, मुलांचे व्हिडिओ टाकायला पालकांची तोंडी परवानगी चालते का?

दप्तर_नीट

तोंडी नको, लेखी घ्या. प्रवेश अर्जातच वेगळा परिच्छेद ठेवा आणि त्याला वेगळी सही: वर्गातले फोटो पालकांच्या ग्रुपवर चालतील का, इन्स्टाग्रामवर चालतील का, पैसे भरलेल्या जाहिरातीत चालतील का. तीन प्रश्न, तीन वेगळी हो-नाही. 'नाही' म्हणणाऱ्या पालकाच्या मुलाला प्रवेशात किंवा पुढच्या ओळीत उभं राहण्यात काही कमी मिळता कामा नये. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ नुसार १८ वर्षांखालच्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळता येणारी संमती लागते, आणि ती मागेही घेता येते. मूल सोडून गेल्यावर पालकाने व्हिडिओ काढायला सांगितलं तर त्या दिवशी काढा. व्हिडिओत शाळेचा गणवेश, गाडीचा नंबर, बिल्डिंगचं नाव दिसत नाही ना, हे टाकण्याआधी बघा.

व्हॉट्सॲप बिझनेस घ्या, साधं नको. त्यातला स्वागत-संदेश पहिल्यांदा लिहिणाऱ्याला, किंवा १४ दिवस काही बोलणं झालं नसेल त्याला, आपोआप जातो. त्यात फी लिहू नका, प्रश्न विचारा:

'नमस्कार, चौकशीबद्दल आभार. मुलाचं वय आणि आपण कुठल्या कॉम्प्लेक्समध्ये राहता ते कळवाल का? त्यानुसार बॅच सांगते. ५ ते ८ मी वर्गात असते, सव्वाआठनंतर नक्की उत्तर देईन.'

आणि सव्वाआठला खरंच उत्तर द्या. दुसऱ्या दिवसापर्यंत त्या आईने आणखी दोन ठिकाणी विचारलेलं असतं. दुसरा संदेश झटपट उत्तरांमध्ये साठवून ठेवा:

'६ वर्षांसाठी सोम-बुध-शुक्र ५ ते ६. बॅचमध्ये सध्या ९ मुलं, १८ च्या वर घेत नाही. फी महिना १,८००, त्यात १२ तास. पहिला तास ट्रायल, मोफत. बुधवारी जमेल की शुक्रवारी? सैल कपडे आणि पाण्याची बाटली आणावी.'

फी एकटी पाठवली की तो नुसता आकडा उरतो आणि समोरचा शेजारच्या क्लासच्या आकड्याशी ताडून बघतो. तास, मुलांची संख्या आणि शेवटी दोनातला एक दिवस विचारणारा प्रश्न असेल तर उत्तर येण्याची शक्यता वाढते. 'आज प्रवेश घेतल्यास ५०% सूट' मात्र लिहू नका. पूर्ण फी भरणारे जुने पालक तेच वाचतात आणि पुढच्या महिन्यात तुमच्यापुढे उभे राहतात. द्यायचंच असेल तर ठरावीक तारखेपर्यंत प्रवेश शुल्क माफ करा, मासिक फीला हात लावू नका.

व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्टबद्दल (एकच संदेश एकदम अनेकांना पाठवणं) बऱ्याच जणांचा एक गैरसमज असतो. एका यादीत २५६ जणच बसतात आणि ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो संदेश पोचतो. म्हणून ट्रायलच्या वेळी पालकांसमोरच नंबर सेव्ह करून घ्या.

खारघर_ततकार

शास्त्रीय नृत्य शिकवणाऱ्यांमध्ये जाहिरातीबद्दल जो संकोच असतो तो मला समजतो, आणि त्यामागची भावना चांगलीच आहे. पण पालकाला माहिती देणं यात कमीपणा नाही. कथकच्या तीन बॅचेससाठी बॉलिवूडची भाषा वापरू नका. तिथे पालक वेगळं विचारतात: परीक्षा कुठल्या, किती वर्षं, रियाज घरी किती. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांची वाट स्पष्ट लिहा: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम आणि पूर्ण, मध्यमा प्रथम आणि पूर्ण, मग विशारद. तुमच्याकडे आज कुठल्या पायरीपर्यंत शिकवलं जातं तेही लिहा. दहावीला शास्त्रीय नृत्याच्या परीक्षांमुळे वाढीव कलागुण मिळतात, हे पालकांना हवं असतं. पण ते राज्य मंडळासाठी आहे, आणि त्याला मान्य संस्थांच्या व ठरावीक परीक्षांच्या अटी आहेत. सीबीएसईच्या पालकाला ते सांगून प्रवेश घेऊ नका. आणि सातवीत नव्याने सुरू करणाऱ्या मुलीला दहावीपर्यंत किती परीक्षा जमतील हे प्रामाणिकपणे मोजून सांगा.

वर्षाचं वेळापत्रक पंचांग समोर ठेवून करा, इंग्रजी महिने पाठ करून नको. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, १७ मे ते १५ जून. त्यामुळे गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आणि घटस्थापना ११ ऑक्टोबरला. गेल्या वर्षी त्या २७ ऑगस्ट आणि २२ सप्टेंबरला होत्या. गेल्या वर्षीच्या तारखा पकडून गरब्याची कार्यशाळा ऑगस्टच्या शेवटी लावलीत तर लोक म्हणतील अजून दीड महिना आहे. अधिक महिन्यात लग्नाचे मुहूर्त नाहीत, म्हणजे संगीतची नृत्यं बसवायचं काम मेच्या उत्तरार्धात मंदावेल. तोच वेळ सुट्टीच्या शिबिरासाठी मोकळा ठेवता येईल. शिबिराची माहिती मात्र मार्चच्या मध्यापासून जायला हवी, पाडवा १९ मार्चला आहे. सीबीएसईच्या शाळा एप्रिलमध्ये नवं वर्ष सुरू करतात, राज्य मंडळाच्या जूनमध्ये. दोघांच्या पालकांना वेगवेगळ्या वेळी संदेश जायला हवा.

माझ्या मते तुमच्या भागात सगळ्यात परिणामकारक जाहिरात सोसायटीचा गणेशोत्सव आहे, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. सहा-सात आठवडे आधी सांस्कृतिक समितीला पत्र द्या, नुसतं ग्रुपवर टाकू नका. प्रस्ताव असा: सोसायटीच्याच मुलांची तीन नृत्यं, प्रत्येकात १० ते १२ मुलं, क्लब हाउसमध्ये एक-एक तासाचे दहा सराव, एकरकमी मानधन. गाणं तीन मिनिटांच्या वर नको, चार-सहा वर्षांची मुलं त्यापुढे विसरतात. शेवटचे दोन सराव प्रत्यक्ष मंचावर मागून घ्या, कारण क्लब हाउसमध्ये बसवलेल्या ओळी पोडियमवरच्या अरुंद मंचावर मावत नाहीत. मंचावरचा गालिचा ताणून कडा चिकटवलेल्या आहेत का बघा, लहान मुलं हमखास त्यातच अडकतात. गाणी दोन पेन ड्राइव्हमध्ये आणि मोबाइलमध्येही ठेवा, ऑडिओ केबल आपली न्या. ध्वनिक्षेपक बहुतेक दिवशी रात्री दहाला बंद करावा लागतो आणि सोसायटीचा कार्यक्रम उशिरा सुरू होणं ठरलेलंच, म्हणून तुमची नृत्यं साडेआठच्या आत मागून घ्या. ड्रेपरीचं (नृत्याच्या पोशाखांचं) भाडं पालकांना पहिल्याच दिवशी सांगा.

मोबदल्यात बॅनर मागू नका. निवेदकाने नृत्याआधी स्टुडिओचं नाव घ्यावं आणि ग्रुपवर जाणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेत ते छापावं, इतकं पुरे. आणि त्या तीस-पस्तीस मुलांसाठी चार दिवसांच्या आत स्टुडिओत मोकळा वर्ग ठेवा. पुढच्या आठवड्यात शाळेच्या चाचण्या आल्या की तो उत्साह राहत नाही.

वार्षिक कार्यक्रम गडकरी रंगायतन, घाणेकर नाट्यगृह किंवा आमच्या वाशीच्या विष्णुदास भावेमध्ये करणार असाल तर तारीख खूप आधी धरा, शाळांची स्नेहसंमेलनंही तेव्हाच असतात. मात्र प्रसिद्धीसाठी म्हणून करत असाल तर एक लक्षात घ्या: प्रेक्षागृहात बसलेले सगळे तुमच्याच मुलांचे आजी-आजोबा असतात. प्रत्येक कुटुंबाला दोन जादा प्रवेशिका 'शेजाऱ्यांसाठी' द्या आणि त्यावर नाव-नंबर लिहून घ्या, तरच नवी माणसं येतात. गाणी वाजवायचे हक्क दोन वेगळे असतात. शब्द-संगीतासाठी आयपीआरएस ही संस्था, आणि ध्वनिमुद्रणासाठी पीपीएल ही संस्था किंवा ते गाणं ज्या कंपनीचं असेल ती. गाण्यांची यादी पक्की झाली की लगेच विचारा.

हिशेब_मात्रेचा

पत्रकांबद्दल कुणी लिहिलं नाही म्हणून थोडक्यात. पेपरात घालून चालतात, पण सगळ्या ठाण्यात वाटू नका. पेपर वितरकाला कॉम्प्लेक्सची नावं द्या, पहिल्या खेपेला ५०० पुरेत. रविवार टाळा, त्या दिवशी पेपरात इतकी पत्रकं असतात की एकत्र रद्दीत जातात. प्रत्येक कॉम्प्लेक्सच्या पत्रकावर वेगळा क्यूआर छापा. व्हॉट्सॲपच्या लिंकमध्ये आधीच लिहिलेला संदेश घालता येतो, उदाहरणार्थ 'ब्रह्मांडच्या पत्रकावरून विचारतेय'. समोरच्याने फक्त पाठवायचं, आणि तुमच्या वहीत रकाना आपोआप भरतो. विजेच्या खांबावर, झाडावर, दुभाजकावर फलक नको. महापालिकेच्या परवानगीशिवाय लावलेला फलक म्हणजे मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध कायदा, १९९५ खाली गुन्हा, आणि त्यावर तुमचा फोन नंबर ठळक छापलेला असतो.

आणि गळती. महिन्याला सहाच्या जागी पाच मुलं सोडू लागली तर जाहिरातीतून आणखी एक प्रवेश मिळवल्याइतकंच ते आहे, आणि खर्च शून्य. मुलं तिसऱ्या-चौथ्या महिन्यात का सोडतात? पालकाला प्रगती दिसत नाही म्हणून. पहिल्या आठवड्यात मुलाचा तीस सेकंदांचा व्हिडिओ घ्या, आठव्या आठवड्यात तेच पाऊल पुन्हा. दोन्ही फक्त त्या पालकाला पाठवा. परीक्षेच्या काळात प्रवेश रद्द करण्याऐवजी पंधरा दिवसांचा विराम द्या, अर्ध्या फीत जागा राखून.

पदन्यास_वाघबीळ

भागीदाराला हा धागा वाचायला दिला. मार्चपासून महिना २,७०० वर दोघेही तयार आहोत, आणि वही आजपासून. एकच उरलं: सध्या चौकशीचा नंबर एका शिक्षकाचा आहे आणि इन्स्टाग्रामही तेच चालवतात. तसंच ठेवलं तर चालेल?

दप्तर_नीट

नको. शिक्षक चांगले असले तरी नको. ते दुसरीकडे गेले की पालकांचे नंबर, जुन्या चौकशा आणि फॉलोअर्स त्यांच्याबरोबर जातात, त्यात त्यांचीही चूक नसते. स्टुडिओच्या नावाचं वेगळं सिम घ्या, त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस. साधं व्हॉट्सॲप त्या शिक्षकांच्या नंबरावर राहू द्या. गूगल प्रोफाइलची मालकी स्टुडिओच्या ईमेलवर, दोन्ही भागीदार मालक आणि शिक्षक मॅनेजर. इन्स्टाग्रामचा ईमेल आणि फोन बदलून दोन टप्प्यांची पडताळणी नव्या सिमवर आणा. जुना नंबर गूगलवर, पाटीवर आणि पत्रकावर एकाच दिवशी बदला, आणि पुढचे तीन महिने त्या शिक्षकांना एवढंच सांगा की जुन्या नंबरवर आलेली प्रत्येक चौकशी त्याच संध्याकाळी नव्या नंबरवर पाठवायची.